जोडीदार आणण्याची गरज नाही

परवा कूलरच्या ताट्या बदलल्या. नव्या वाळ्यावर पाणी सोडलं आणि तो ओला, गोडसर मातीचा वास घरभर पसरला. मी हातात पेचकस घेऊन खोलीच्या मधोमध उभी होते. बाहेर दुपार नुसती भाजत होती, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आणि माझे पाय आपोआप हलायला लागले. एक मागं, एक जागेवर, मग बारीक बारीक पावलं बाजूला. रिकाम्या खोलीत, कूलरच्या घरघरीवर.

आमच्याकडं एप्रिल आला की लोक आवाज उतरवून बोलतात. डोक्याला दुपट्टा बांधतात, खिशात कांदा ठेवतात, सकाळी दहाच्या आत बाजार आटोपतात. मला मात्र एप्रिल आला की नाचावंसं वाटतं. पन्नाशी गाठलेल्या, नवरा वारलेल्या बाईनं असं लिहू नये, निदान लिहिताना थोडं लाजावं, असं आमच्या पुष्कळ नातेवाइकांचं म्हणणं आहे. मी लाजून पाहिलं. जमलं नाही.

मी मूळची आरमोरीकडची. धानाच्या बांधांवर वाढलेली. लग्न होऊन माजरीजवळच्या या कोळशाच्या कॉलनीत आले तेव्हा सगळ्यात आधी नवल वाटलं ते धुळीचं. वाळत घातलेलं पांढरं पातळ संध्याकाळी करडं होऊन घरात यायचं. नवरा खाणीत इलेक्ट्रिशियन होता. एका सकाळी ड्यूटीवर जायला म्हणून बूट घालत होता, तो बुटाची लेस हातात धरूनच कलंडला. चेतन, आमचा मुलगा, तेव्हा शाळेत होता. पुढं मला त्याच्या जागी नोकरी मिळाली, वजनकाट्यावर. खिडकीत बसायचं, रिकामा ट्रक आला की वजन घ्यायचं, भरून निघाला की पुन्हा घ्यायचं. ड्रायव्हर लोक खिडकीतून चिठ्ठी सरकवतात. बोटाला बोट लागत नाही.

हे मी आता लिहिते आहे, तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. शेजारणींनी डबे दिले, चेतनच्या फीच्या वेळी मैत्रिणी सोबत आल्या. फक्त हळूहळू माझ्या हाताला दुसऱ्या माणसाचा हात लागणं बंद झालं. हळदी-कुंकवाला बोलावणं नाही. लग्नात नवरीला चुडा भरताना 'तुम्ही बसा न जी आरामात' म्हणून मागची खुर्ची. चेतन मोठा झाला, पुण्याला शिकायला गेला, फोनवरून आईला नमस्कार करू लागला. ताट हातात देतात, पिशवी हातात देतात. हात कुणी देत नाही.

तर दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पल्लवी कॉलनीत परत आली.

तिचे वडील आमच्या खाणीतून रिटायर झालेले. ती बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. वडिलांना लकवा झाला, आई एकटी, म्हणून लॅपटॉप घेऊन ती घरूनच काम करायला आली. दिवसभर काम, वडिलांचं उठवणं-बसवणं. बंगळूरला ती दर आठवड्याला नाचायला जायची, स्विंग नावाचा नाच. दोघं मिळून करायचा, पण दर गाण्याला दुसऱ्या माणसाबरोबर. इथं तिला सगळं मिळालं, नाचायला माणसं तेवढी मिळाली नाहीत. मग तिनं माणसं तयार करायचं ठरवलं. करमणूक केंद्राचा हॉल मागितला, हातानं एक कागद लिहिला आणि कँटीनच्या भिंतीवर डकवला. स्विंग डान्स शिका. संध्याकाळी, हॉलमध्ये. वयाची अट नाही. जोडीदार आणण्याची गरज नाही.

आम्ही दोघी तो कागद वाचत उभ्या होतो. मी आणि सुमन मडावी. सुमन कँटीनमध्ये कामाला, धानोऱ्याच्या पुढच्या जंगलातल्या गावाची. कॉलनीत माझी खरी मैत्रीण तीच.

"स्विंग म्हंजे झुला न?" सुमन म्हणाली. "झुला बांधून राह्यली का काय ते पोरगी? या वयात मले झुल्यावर बसवते!"

मी हसले, पण माझी नजर शेवटच्या ओळीवरून हलत नव्हती. आमच्या जगात जिथं जायचं तिथं जोडीनं जायचं असतं. पूजेला जोडी, सत्काराला जोडी, ग्रुप फोटोत जोडी. कुणीतरी पहिल्यांदाच लिहून कळवत होतं की तू आहेस तशी ये.

"जाऊन त पाहू," मी म्हणाले.

"नाचाले?"

"पाहाले."

"पाहाले त मी जात नाई कुठी," सुमन म्हणाली. "गेली त नाचन."

हॉलमध्ये एक भलामोठा कूलर होता, त्याला नुकताच नवा वाळा घातलेला. बाहेर सूर्य बुडूनही भिंती गरम, आणि आत तो ओला वास. लोक भिंतीला पाठ लावून उभे होते, इंजेक्शनच्या रांगेत उभे राहावेत तसे. काही शाळामास्तर, दोन नर्सा, खाणीतले एक साहेब आणि त्यांची बायको, आणि डंपर चालवणारे दशरथभाऊ. दशरथभाऊ कँटीनला चहा प्यायला आले होते, कागद वाचला आणि चक्क आले.

पल्लवीनं छोट्याशा स्पीकरवर गाणं लावलं आणि मला हसू आलं. ही तर पितळी वाजंत्री! आपल्या लग्नात बँडवाले गाल फुगवून वाजवतात ना, तीच जात. फक्त ताल वेगळा. पाऊल टाकावं म्हटलं की ताल किंचित थांबायचा, वाट बघायचा, आणि मग ढकलायचा. पल्लवी म्हणाली, हा नाच अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवला. दिवसभर राबून, लोकांची बोलणी खाऊन आल्यावर संध्याकाळी ते नाचायचे. गोऱ्यांच्या कितीतरी ठिकाणी त्यांना दार उघडत नव्हतं, म्हणून आपल्या जागा त्यांनी आपण केल्या. मला ते पटलं. राबून आल्यावर अंगात जे उरतं ते कुठंतरी जायलाच हवं.

आधी एकेकट्यानं पावलं. मग ती म्हणाली, "आता समोरासमोर या. हातात हात घ्या."

माझ्यासमोर दशरथभाऊ.

"बाई, मले काई येत नाई," ते म्हणाले. "पाय पडला त माफ करजा. अन् हात जड हाय माया."

त्यांनी हात पुढं केला. मीही केला. तळव्याला तळवा लागला. खरखरीत, कोमट, घामेजलेला हात. बस, एवढंच. पल्लवी मागून ओरडली, "भाऊ, दाबू नका! ताईंचा हात आहे, स्टेअरिंग नाही!" सगळे हसले. दशरथभाऊ लाल झाले, आणि मी हात सोडवून बाहेर गेले.

माठाजवळ उभी होते तर मागून सुमन आली.

"काऊन वो, का झालं?"

"काही नाही. घाम."

"डोयातून घाम येते का कोनाले?" तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. पेला भरून दिला. मी पाणी प्याले तशी म्हणाली, "चाल आता. माया समोर तो मास्तर हाय, त्याले उजवा पाय कोनता तेच समजत नाई. तू ये अन् मले सोडव."

मी आत गेले. त्या दिवसापासून घरी पाहुणे आले तरी मी नाचायला गेलेच.

पुढचे दीड-दोन महिने आठवायला बसलं की सलग असं काही आठवत नाही, तुकडे आठवतात. पल्लवीची "बदला!" ही हाक, आणि सगळ्यांनी एक माणूस पुढं सरकणं. साहेबांच्या बायकोच्या हाताला चंदनाच्या साबणाचा वास, नर्सच्या हाताला दवाखान्याचा, दशरथभाऊंच्या हाताला किती धुतलं तरी डिझेलचा. आमच्या कॉलनीत क्वार्टर कुठल्या टाइपचं त्यावरून माणसाला चहा कपात द्यायचा की ग्लासात ते ठरतं. आणि इथं एका गाण्याला साहेब माझ्यासमोर, पुढच्या गाण्याला सुमनसमोर.

पुरुष कमी होते. म्हणून पल्लवीनं आम्हा काही जणींना नेणाऱ्याची पावलं शिकवली. या नाचात एक जण नेतो आणि दुसरा ऐकतो. बाईनंच ऐकायचं असा काही नियम नाही, ती म्हणाली. नेताना ओढायचं नाही. आपण वळलो की हाताला कळतं, हाताकडून समोरच्याला कळतं. मला ते पावलापेक्षा लवकर जमलं. ऐकण्यात माझं आयुष्य गेलं होतं, तेव्हा चांगला नेणारा कसा असावा हे मला पुरतं ठाऊक होतं.

एकदा साहेबच माझ्या वाट्याला आले, ऐकणारे म्हणून. शेकडो माणसांना हुकूम देणारा माणूस, पण आपण कुठं जायचं हे दुसऱ्यानं ठरवायचं म्हटल्यावर बावरला. सारखा स्वतःच पुढं धावायचा.

"साहेब," मी म्हटलं, "थांबा जरा. मी नेते."

ते थांबले. एकदा त्यांना वळवलं, दुसऱ्यांदा वळवलं, तिसऱ्यांदा ते स्वतःहून हसत वळले. "अरे वा," म्हणाले, "कितना आराम है इसमें!" दुसऱ्या दिवशी ते जीपमधून काट्यावरून गेले तेव्हा काच खाली करून त्यांनी हात हलवला. माझ्या बाजूचा क्लार्क माझ्याकडं बघतच राहिला.

शनिवारी शिकवणी नसायची, नुसता नाच. कुणी लिंबाचं सरबत आणायचं, कुणी चिवडा. सुमन गावाहून आणलेल्या मोहफुलांचे लाडू आणायची, भाजलेल्या तिळात कुटलेले. सगळं टेबलावर, आणि टेबलाभोवती गप्पा. शनिवारी कुणाशी नाचायचं ते पल्लवी ठरवत नसे. आपण जाऊन विचारायचं, "नाचायचं का?" समोरचा हो म्हणेल, नाही म्हणेल. नाही म्हटलं तर हसून पुढं जायचं, रुसायचं नाही. मला हे सगळ्यात अवघड गेलं. विचारणं नव्हे, नाही म्हणणं. जन्मभर मला ज्यांनी ज्यांनी काही विचारलं, त्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं. लग्न करतेस का, असं विचारताना वडिलांनी पत्रिका छापायला दिलेली होती. इथं मी एका मास्तरांना म्हणाले, "आत्ता नको, दमले," आणि ते "बरं, बरं" म्हणून सरबत घ्यायला गेले. जगात काहीच पडलं नाही. मी पुढच्या गाण्याला स्वतः त्यांच्याकडं गेले.

"तुमी लोक लय विचार करता," सुमन म्हणायची. "आमच्या गावात पंडुम असला, सण असला, का साराच गाव नाचते. म्हातारी, पोरगी, जावई. कोनाच्या हातात कोनाचा हात, कोन पाह्यते? इथी हात धरला त बातमी होते."

बातमी झालीच. कुणीतरी हॉलच्या खिडकीतून मोबाइलवर आमचं चित्रण केलं. त्यात मी दशरथभाऊंना वळवते आहे आणि जोरात हसते आहे. तोंड उघडून, दात दाखवून. ते कॉलनीच्या ग्रुपवर गेलं, तिथून कुठं कुठं फिरत आरमोरीला पोचलं. माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला.

"वहिनी, हे काय चालून राह्यलं?"

"काय, भाऊजी?"

"तुमाले मालूम हाय का लोक काय म्हनून राह्यले? परक्या मानसाच्या हातात हात देऊन नाचता? दादा असते त..."

"ते असते तर त्यांच्यासोबत नाचले असते."

पलीकडं भाऊजी खाकरले. मागं भांड्यांचा आवाज येत होता. शोभा, माझी जाऊ, ओट्यापाशी असणार आणि कान इकडं असणार.

"आकाशचं लग्न हाय महिन्यानं," भाऊजी म्हणाले. "सोयरे विचारतीन. तुमी मले शब्द द्या का हे बंद करता. नाई त मग लग्नाले येऊ नका. मले सांगाले चांगलं वाटत नाई, पन सांगतो."

आकाश माझा पुतण्या. शोभाला त्याच्या बाळंतपणात ताप चढला तेव्हा महिनाभर तो माझ्याच कुशीत झोपलेला. त्याच्या लग्नात कोणतं पातळ नेसायचं ते मी ठरवून ठेवलं होतं, मोरपंखी.

"शब्द नाही देत, भाऊजी," मी म्हणाले. फोन ठेवला आणि बराच वेळ मोरीत उभं राहून नळाखाली हात धरला.

चेतनला मीच फोन केला. त्याला दुसरीकडून कळण्याआधी. पण कळलं होतंच. "आई, माझे मित्र आहेत त्या ग्रुपवर," तो म्हणाला. मग विचारलं, "तुला आवडतंय?"

"हो."

"मग मला कशाला विचारतेस?" तो थोडा चिडूनच म्हणाला. मला तो चिडलेला आवाज फार बरा वाटला.

त्याच आठवड्यात हॉलला कुलूप लागलं. दुरुस्तीसाठी बंद. आम्ही करमणूक केंद्राच्या कमिटीतल्या एका गृहस्थांना विचारायला गेलो. ते म्हणाले, "बायांनी भजनबिजन करावं. भजनाले हॉल देतो न मी, कवाही या."

"भजनाले दुरुस्ती नाई लागत का?" सुमननं विचारलं. गृहस्थ पेपर वाचू लागले.

आम्ही परत निघालो. पल्लवीचे डोळे भरून आले होते. "माझ्यामुळं तुम्हाला ऐकून घ्यावं लागतंय," ती म्हणाली, "थांबवू आपण." समोर आठवडी बाजाराची जागा होती. बाजार बुधवारचा, बाकी दिवस रिकामी. मधोमध भाजीवाल्यांचा मोठा सिमेंटचा ओटा, वर टिनाचं छत. मी ओट्यावर चढले. चपला काढून पाय घासून पाहिला. जमीन गुळगुळीत होती, भाजीवाल्यांच्या पोत्यांनी घासून घासून. दिवसभराचं ऊन तळव्याला चटका देत होतं.

"इथं होईल," मी म्हणाले.

हॉलला चार भिंती होत्या. ओट्याला एकही नाही. पहिल्या संध्याकाळी अर्धी कॉलनी जमली. लोक मोटारसायकली लावून, सीटवर बसून बघत होते. कोपऱ्यात सडक्या कोबीचा वास, दोन गाई. आमच्यातले निम्मे आलेच नव्हते. साहेब आणि त्यांची बायको आली, तेव्हा थोडी कुजबुज झाली. पल्लवीनं गाणं लावलं, पण कुणी पुढं होईना.

"काकू, दम लागन!" कुणीतरी ओरडलं. हशा.

"लागू दे," मी म्हटलं. "बसाले ओटा हायेच."

पुन्हा हशा, जरा वेगळा. मग शिफ्ट सुटून आलेला एक माणूस, ओळखीचाच, मोटारसायकलवरून मोठ्यानं म्हणाला, "नवरा मेला, अन् इले नाच सुचून राह्यला."

हशा थांबला. पल्लवीनं गाणं बंद केलं. मी ओट्याच्या काठापर्यंत चालत गेले. मी भांडखोर नाही, माझी जीभ वेळेवर कधी चालत नाही. पण त्या दिवशी चालली.

"हो भाऊ," मी म्हणाले. "ते मेले. मी नाई मेली."

एवढंच बोलले. वळले, दशरथभाऊंसमोर गेले आणि हात पुढं केला. "नाचायचं का?" दशरथभाऊंची बायको बाजूलाच उभी होती, हाताची घडी घालून. तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "बाई इचारून राह्यल्या न तुमाले! उभे काय राह्यता खांबावानी?"

आम्ही नाचलो. माझी पावलं चुकली, तालही चुकला. पण गाणं संपेपर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या गाण्याला दशरथभाऊंची बायकोच ओट्यावर चढली.

आकाशच्या लग्नाला मी गेले नाही. त्या दिवशी सुट्टी घेतली नव्हती, काट्यावर बसले. धुळीनं आभाळ पिवळं झालं होतं. मुहूर्ताच्या वेळेला एक ट्रक काट्यावर उभा होता आणि मला आकडा दिसत नव्हता. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. मोरपंखी पातळ मी त्या शनिवारी ओट्यावर नेसले. ठेवून काय करायचं?

दिवाळीनंतर शोभा आली. तिची शुगर वाढली होती आणि चंद्रपूरच्या डॉक्टरला दाखवायचं होतं. मुक्कामाला माझंच घर जवळ. दवाखान्याचं काम म्हणून भाऊजी काही बोलले नाहीत. दवाखाना करून आलो, चहा झाला. मी भाजी निवडत होते. शोभा दाराला टेकून उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "मले दाखवा न."

"काय?"

"तेच. कसं असते ते."

मी हात पुसले. तिचे दोन्ही हात धरले. ती एकदम कडक झाली, खांदे वर. मग हळूहळू सैल पडली. मी मागं गेले, ती पुढं आली. मी तिला वळवलं, ती पदरासकट वळली आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. फ्रिजला धक्का लागला, वरचं डबडं पडलं, तरी आम्ही थांबलो नाही.

"पंचवीस-तीस वर्षं झाले लग्नाले," ती मग खाली बसून, धापा टाकत म्हणाली. "यायनं कधी हात नाई धरला माया. सप्तपदीले धरला होता, तोबी भटजीनं सांगितला म्हून."

मी तिला पाणी दिलं. तिनं पेला रिकामा केला. मग म्हणाली, "डॉक्टरनं तीन महिन्यानं बोलावलं. मी त्याइले सांगन, दर महिन्याले बोलावलं म्हनून."

तेव्हापासून शोभा दर महिन्याला येते. गेले कित्येक महिने ती माझ्या स्वयंपाकघरातच नाचायची, दार लावून. ओट्यावर चल म्हटलं की हात जोडायची.

गेल्या शनिवारी आली. संध्याकाळी मी चपला घालत होते, तर तीही उठली. "चाला," म्हणाली, आणि पदर कमरेला खोचला. आता आमचं कुणाला नवल राहिलेलं नाही, चार-सहा टवाळ आणि बाकी आपापल्या कामाला जाणारे लोक. पल्लवीच्या वडिलांना खुर्चीवर आणून बसवलं होतं, ते चांगल्या हातानं मांडीवर ताल धरत होते. शोभा ओट्यावर चढली. मी तिला नेत होते. दोन गाणी झाली, आणि खालून एक माणूस पुढं आला. धानाचा ट्रक घेऊन आलेला, आरमोरीकडचा. डोळे बारीक करून पाहत होता.

"काकू, तुमी आमच्या गावच्या न? आकाशच्या आई न तुमी?"

शोभाचा हात माझ्या हातात थंड पडला. मला वाटलं आता ती पदर डोक्यावर घेईल आणि उतरून जाईल. मी तिचा हात सोडायला सैल केला.

तिनं सोडला नाही.

"हो, मीच हाव," ती म्हणाली. "घरी सांगजो. अन् सांगाचं अशीन त पुरं पाहून सांगजो."